पहिली बंदूक घेताय? आधी वावर पाहा, मग दुकान : कोणती घ्यावी, परवाना कसा मिळतो, काय टाळावं

यवतमाळ : सोयाबीनच्या शेंगा भरल्या, की जंगलकाठच्या गावांत जागल सुरू होते. डबे बडवायचे, बॅटरी मारायची, फटाके फोडायचे आणि सकाळी पाहावं तर रानडुकरांनी अर्धं वावर लोळवलेलं. तूर-चना आला की रोह्यांचे कळप. दोन-तीन हंगाम असे गेले की घरात विषय निघतोच, "आता बंदूकच घेऊन टाकू." तरुण मुलांच्या डोक्यात मात्र मोबाईलवर पाहिलेलं पिस्तूल असतं.

रिव्हॉल्वर घ्यायचं की पिस्तूल, हा पहिला प्रश्न नाही. बंदूक कशासाठी पाहिजे, हा पहिला प्रश्न आहे. आपल्या कायद्यात कारण ठरलं की हत्यार जवळपास ठरतं.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा स्वसंरक्षण व नेमबाजीच्या खेळासाठी किमान २० इंच नळीची साधी (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक, ही पहिली वाट. ठासणीची बंदूक पिकासाठी पुरेशी नाही, असं अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठीही २० इंची साधी बंदूक मंजूर होऊ शकते. रिव्हॉल्वर, पिस्तूल, रायफल हे सगळं दुसऱ्या वाटेत येतं. तिथं 'योग्य कारण' अर्जदारालाच पटवून द्यावं लागतं. "डुकरं येतात" हे पिस्तुलासाठीचं कारण होत नाही.

अर्जदाराचं वय २१ पूर्ण पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात, आधी ही मर्यादा ३ होती. परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली.

कोणती बंदूक कोणासाठी

१) ठासणीची बंदूक (भरमार) : पीक संरक्षणासाठी कायद्यानं पहिली धरलेली. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे. एकदा वाजली की पुन्हा भरायला वेळ लागतो. आवाज मोठा, त्यामुळे कळप हुसकायला चांगली. पावसात दारू सादळते, हा तिचा मोठा दोष.

२) बारा बोअर एकनळी : काडतुसाची, हलकी, साफ करायला सोपी. पहिल्यांदा बंदूक हातात घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी सगळ्यात सरळ हत्यार हेच. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात.

३) बारा बोअर दुनळी : दोन बार मिळतात. वजन आणि किंमत दोन्ही जास्त. वावर मोठं आणि जंगलाला लागून असेल तरच तिचा विचार करावा.

४) बत्तीस बोअर रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल : जिवाला खरा धोका असलेल्यासाठी, रोकड घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं 'निर्भीक' रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आलं, वजन साधारण ५०० ग्रॅम. 'प्रबल' हे रिव्हॉल्वर २०२३ मध्ये आलं, ते ६७५ ग्रॅमचं. दोन्हीत ६ गोळ्या. नवख्यानं घ्यायचंच असेल तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्वर बरं. चक्री बाजूला काढली की भरलंय की रिकामं हे डोळ्यांना दिसतं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, आणि बरेच अपघात तिथंच होतात. ९ एमएमचं पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही.

रिव्हॉल्वर वावरात का नको? आखूड नळी, अंधार, पळतं जनावर. नेम लागला तरी बत्तीस बोअरची गोळी मोठ्या डुकराला जागेवर थांबवत नाही. जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं, आणि चुकलेली गोळी शेजारच्या मचाणावरच्या माणसाला लागू शकते.

छर्ऱ्याच्या एअरगनला ठरावीक मर्यादेपर्यंत (पॉइंट १७७ बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकद) परवाना लागत नाही. पण तिनं पाखरं किंवा ससे मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

अभयारण्याजवळच्या गावांनी हे आधी वाचावं

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. ज्यांच्याकडे आधीच परवाना आहे त्यांनाही वनविभागाकडे नोंद करावी लागते. पांढरकवडा भागात टिपेश्वर आणि उमरखेड भागात पैनगंगा अभयारण्याभोवतीच्या गावांना हे लागू आहे. अर्ज महिनोन् महिने का अडकला, याचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं.

अर्ज कसा करायचा

परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. आधार, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि पिकासाठी असेल तर सातबारा व आठ-अ जोडावे. नंतर पोलीस ठाण्यातून चौकशी होते. वनविभागाकडे पीक नुकसानीच्या तक्रारी दिल्या असतील तर त्यांच्या पोचपावत्या जरूर लावाव्या. कारण सिद्ध करणारा त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. अर्ज नामंजूर झाला तर अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. परवाना हातात येण्याआधी दुकानदाराला इसार देऊ नये.

बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही

इथंच जास्त माणसं फसतात. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. रानडुक्कर आणि रोही आजही संरक्षित आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली परवानगी मिळते. रानडुक्कर व रोह्याच्या बाबतीत ती देण्याचे अधिकार राज्य शासनानं २०१५ मध्ये वनक्षेत्रपालांकडे दिले. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं, त्याचं मटण वाटलं तर गुन्हा दाखल होतो. वाघ-बिबट्याला ही परवानगी लागू नाही. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागातल्या टी-१ वाघिणीसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा वेगळा आदेश निघाला होता, तरीही प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

घरी आणि वावरात

• बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली लेकरांना सापडेल अशी खुंटीला टांगू नये.
• परवान्यावर नाव नसलेल्या मुलाच्या किंवा गड्याच्या हाती बंदूक देऊन जागलीला पाठवू नये.
• आवाजावर किंवा हलणाऱ्या झुडपावर बार काढू नये. बॅटरीच्या उजेडात जनावर पूर्ण दिसलं पाहिजे.
• लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर पोलीस ठाण्यात जमा करून पावती जपावी. विधानसभा २०२४ ची आचारसंहिता ऐन सोयाबीन काढणीत आली होती, त्यामुळे जागलीची दुसरी सोय आधीच पाहून ठेवावी.
• मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा.

आजोबांची बंदूक

परवानाधारक वारला तर बंदूक घरातल्या कोणाची आपोआप होत नाही. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसानं आपल्या नावानं अर्ज करावा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्यानं २५ वर्षं शस्त्र बाळगलं असेल, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावानं करता येतं. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली जुनी भरमारही विनापरवाना शस्त्रच ठरते.

देशी कट्टा म्हणजे घर धुऊन जाणं

स्वस्तात मिळतो म्हणून देशी कट्टा घेणाऱ्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद होऊ शकते. शिवाय तो हातातच फुटण्याची भीती. वावराच्या कुंपणात करंट सोडणं तर त्याहून वाईट, कारण त्या तारेला डुकराआधी शेजारचा माणूस चिकटतो.

थोडक्यात, पिकासाठी बंदूक पाहिजे असेल तर ठासणीची किंवा बारा बोअर एकनळी, एवढ्यात काम भागतं. रिव्हॉल्वर ज्याच्या जिवाला कागदावर दाखवता येईल असा धोका आहे त्यानंच मागावं. आणि वावर लहान असेल तर आधी सौर कुंपणाच्या अनुदानासाठी वनविभागात चौकशी करावी. कुंपणाला परवाना लागत नाही, आणि जागलीच्या रात्री झोपही मिळते.