छर्रेमनोरा

छर्रेमनोरा : बंदुकीत वापरावयाचे शिशाचे बारीक गोल छर्रे तयार करण्यासाठी बांधलेला उंच व पोकळ मनोरा. वितळलेल्या शिशाचा थेंब पडत असता पृष्ठताणामुळे गोल होतो, या तत्त्वावर त्याचे कार्य आधारलेले आहे.

शिसे सु. ३२७° से. ला वितळत असल्याने बंदुकीच्या गोळ्या साध्या चुलीवरही ओतता येत. पळीने रस दुभागी साच्यात ओतीत आणि गोळी निवल्यावर तिचे देठ कापून टाकीत. बारीक छर्रे मात्र असे एकेक ओतणे परवडत नसे. राजपुत्र रूपर्ट यांच्या पद्धतीचे वर्णन रॉबर्ट हुक यांच्या मायक्रोग्राफिया (१६६५) या ग्रंथात आहे. तीत शिशात हरताळ मिसळून रस चाळणीतून लगतच्या पाण्यात पाडीत. अंतर थोडे असल्याने दाण्यांना खळगा पडे.

हा दोष ब्रिस्टल (इंग्लंड) येथील नळकारागीर विल्यम वॉट्स यांनी दूर केला. त्यांना १७८२ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. रेडक्लिफ भागातील आपल्या घरावर त्यांनी मनोरा चढविला व खाली विवर खणून पतनाचे अंतर वाढविले. रसातील आर्सेनिकामुळे थेंब गोल होण्यास मदत होई. पडता पडता त्याचे बाह्य कवच घट्ट होई व तळाच्या पाण्यात तो निवे. नंतर दाणे उतरत्या फळीवरून सोडीत. वेडेवाकडे दाणे वेगळे करून पुन्हा वितळवीत. वॉट्स यांचा मनोरा १९६८ मध्ये पाडण्यात आला. चेस्टर (१७९९, सु. ५१ मी.) व बॉल्टिमोर (१८२८, सु. ७१ मी.) येथील मनोरे अद्याप उभे आहेत.

मोठ्या गोळ्या साच्यातच ओतल्या जातात. त्यासाठी वापरावयाच्या, तळाशी झडप असलेल्या भांड्यात मात्र हाच थेंब दोष ठरतो. ऑक्साइडाची मळी झडपेच्या बैठकीत अडकली, की झडप पूर्ण मिटत नाही व रस ठिबकत राहतो. बैठक स्वच्छ करणे व रस मळीमुक्त ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अल्प उंचीवरून गरम द्रवात थेंब पाडण्याची पद्धत रूढ झाल्याने मनोऱ्यांची गरज उरली नाही. पाणथळीत पडलेले छर्रे गिळून पाणपक्ष्यांना विषबाधा होते, हे दिसून आल्यावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी, तर यूरोपीय संघात २०२३ मध्ये पाणथळ प्रदेशांत शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आली.