मुंबईचा एक धातू आणि त्याची गिनती

मी रुआबांध्यातून बोलतोय. इथून थोड्या अंतरावर भिलाईच्या भट्टीत लोखंड वितळतं, आणि आज आपण बोलणार आहोत उणे 261 अंश सेल्सिअसबद्दल. म्हणजे 12 केल्विन.

कथा मुंबईची. कुलाब्याच्या टोकाला, लष्कराच्या शेजारी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. 1993 साली तिथे आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकारी, तसंच आयआयटी मुंबईचे चंदन मजुमदार आणि बी. डी. पडालिया हे यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांचा मिश्रधातू तपासत होते. 12 केल्विनच्या आसपास त्यात अतिवाहकतेची खूण दिसली. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज अजिबात विरोध न होता वाहते असा पदार्थ. 1911 मध्ये कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात ती पहिल्यांदा दिसली होती. पण मुंबईची खूण फिकी होती. नमुन्याचा अगदी थोडा भागच अतिवाहक होत होता. निकेल हा चुंबकीय धातू, त्यात हे घडावं यावर चटकन विश्वास बसत नाही. दुसऱ्या कुणी नमुना बाजूला टाकला असता.

यांनी तो टाकला नाही. शोध घेता घेता कळलं की नकळत आत शिरलेला कार्बन हे घडवतोय. मग मुद्दाम कार्बन घातला, आणि जवळजवळ सगळा नमुना अतिवाहक झाला. चिमूटभर कार्बनानं धातूचा स्वभाव कसा पालटतो, हे आम्हा पोलाद गाळणाऱ्या गावच्या लोकांना वेगळं सांगायला नको! 1994 च्या जानेवारीत हे काम छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट कावा यांच्या गटानं याच कुळातली आणखी संयुगं दिली, एक तर 23 केल्विनपर्यंत गेलं. मुंबईच्या पदार्थाचं शुद्ध रूप म्हणजे यिट्रियमचा एक, निकेलचे दोन, बोरॉनचे दोन आणि कार्बनचा एक अणू. ते 15 केल्विनच्या थोडं वर अतिवाहक होतं.

आता खरा मुद्दा. विरोध शून्य झाला म्हणजे सगळा तुकडा अतिवाहक झाला असं नव्हे. एक बारीक वाट मोकळी मिळाली तरी वीज पार जाते. गस्तीची एक तुकडी नदीपार गेली म्हणजे पलटण पोचली असं मी वरिष्ठांना कधी कळवलं नसतं. पलटणीची गिनती करावी लागते. इथे ती गिनती म्हणजे विशिष्ट उष्मा: पदार्थाला मोजकी उष्णता द्यायची आणि तापमान किती वाढलं ते पाहायचं. त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशेब येतो. अणूंच्या कंपनांचा वाटा तापमानाच्या घनानं घटतो, म्हणून खूप थंडीत इलेक्ट्रॉनांचा वाटा वेगळा काढता येतो.

चुंबकीय क्षेत्र लावलं की अतिवाहकात भोवरे तयार होतात. साध्या अतिवाहकात मोकळे इलेक्ट्रॉन भोवऱ्याच्या गाभ्यात असतात, त्यामुळे क्षेत्र चौपट केलं की हा वाटाही चौपट. 1993 मध्ये रशियाचे ग्रिगोरी व्होलोविक यांनी सांगितलं की काही दिशांना इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तोडायला ऊर्जाच लागत नसेल, तर मोकळे इलेक्ट्रॉन भोवऱ्याबाहेरही पसरतील. मग क्षेत्र चौपट केल्यावर वाटा फक्त दुप्पट होईल. तांब्याच्या ऑक्साइडांत तसं दिसलं. आणि जपानमध्ये नोहारा व ताकागी यांनी मोजलं, तर मुंबईच्या या साध्या वाटणाऱ्या धातूतही तसंच!

मग वाद झाला. नोहारांचं म्हणणं असं की क्षेत्र वाढताना भोवऱ्याचा गाभाच आकसतो, विचित्र काही नाही. त्यांनी निकेलच्या जागी थोडं प्लॅटिनम घातलं, तर चौपटीचा जुना नियम परत आला. आकडे तेच, अर्थ दोन. माझ्या मते हाच या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक टप्पा आहे, कारण गिनती बरोबर असूनही ‘माणसं कुठे उभी आहेत’ हे ती सांगत नव्हती. त्यासाठी क्षेत्राची दिशा फिरवत मोजावं लागलं. 2003 च्या अशा मोजणीत विशिष्ट उष्मा एका फेरीत चार वेळा चढला-उतरला.

2004 मध्ये गोष्ट पुन्हा कुलाब्याला आली. प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये वाढवलेल्या स्फटिकावर बारीक टोक टेकवून दोन दिशांनी ऊर्जा मोजली. एका दिशेला ती दुसरीच्या सुमारे साडेचार पट निघाली.