आठवीला गावातली शाळा की तालुक्याची?

जिल्हा परिषदेची उर्दू किंवा मराठी शाळा बऱ्याच गावांत सातवीपर्यंतच असते. मग घराघरात चर्चा सुरू होते : गावातलं छोटं हायस्कूल, की तालुक्याचं मोठं?

मोठी इमारत पाहून भुलू नका, आणि ‘आपल्या लोकांची’ म्हणून छोटी शाळाही डोळे झाकून घेऊ नका. आधी विचारा, नववी-दहावीला गणित-विज्ञान कोण शिकवतं? छोट्या शाळेत सर प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतात, ही मोठीच गोष्ट. पण गणिताची जागा वर्षभर रिकामी असेल तर? शिक्षण हक्क कायद्याने (२००९) विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्राला किमान एकेक शिक्षक बंधनकारक केला, तो सहावी ते आठवीसाठी. मोफत शिक्षणाची हमीही आठवीपर्यंतच. म्हणून नववीची फी आजच विचारून ठेवा.

मुलीचं शिक्षण अनेक घरांत एसटीपाशी अडतं. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत मिळतो, त्यामुळे अडचण पैशांपेक्षा वेळेची. शाळा पाचला सुटली आणि गाडी साडेसहाला, तर मधला दीड तास ती कुठे थांबणार? अम्मी किंवा अब्बांनी एकदा त्याच गाडीने जाऊन यावं.

उर्दूतून मराठी किंवा सेमी इंग्रजीत जायचं असेल तर आठवीलाच जा. दहावीच्या तोंडावर माध्यम बदलणं मुलांना जड जातं.

आणि शाळेला बोर्डाचा इंडेक्स नंबर आहे ना, हे प्रवेशाआधी बघा.