कागदाचा कर्णा

ग्रामोफोन म्हटला कीं डोळ्यांपुढें पितळी कर्णा आणि त्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा येतो. जाहिरातीचें सामर्थ्यच असें आहे. परंतु तबकडींतील गाणें ज्यांना खरोखर ऐकावयाचें होतें, अशी कांहीं चोखंदळ मंडळी १९३० च्या सुमारास लंडनमधील एका लहानशा कारखान्याकडे वळत. त्या कारखान्याचें नांव ई. एम. जी.; हीं संस्थापक जिन यांच्या नांवाचीं आद्याक्षरें. १९३० मध्यें जिन तेथून बाहेर पडले आणि 'एक्स्पर्ट' या नांवाचीं यंत्रें स्वतंत्रपणें करूं लागले. मागें राहिलेल्यांनीं आद्याक्षरें मात्र त्यांचींच चालविलीं. धनी गेला, पाटी राहिली ! दोन्ही ठिकाणचीं यंत्रें हातानें घडविलीं जात. त्यामुळें तीं महाग पडत व थोडींच निघत.

दिसावयास तीं सुंदर नव्हतीं. साधी लांकडी पेटी, आणि तिच्यावर सोंडेसारखा वळून वर गेलेला कागदाच्या लगद्याचा प्रचंड कर्णा. लंडनच्या जुन्या टेलिफोन-पुस्तकांचीं पानें त्या कामीं येत, असें सांगतात. कागदच कां ? पत्र्याला स्वतःचा नाद असतो, आणि गायकाच्या सुरांत तो आपल्या पदरचें कांहीं मिसळतो. कागद बिचारा मुका.

आकाराचें कारण अधिक विचार करण्याजोगें आहे. आपल्याकडील एखादा पुरुष गायक काळी एक पट्टींत गात आहे असें समजा. त्याच्या षड्जाचीं आंदोलनें सेकंदास सुमारें १३८. ध्वनि सेकंदास सुमारें ११०० फूट जातो. भागाकार केला म्हणजे एका लाटेची लांबी आठ फूट येते. (मास्तरकीची सवय सुटत नाहीं, श्रोत्यांनीं क्षमा करावी.) स्वर पुरतेपणीं बाहेर पडावयाचा तर कर्ण्याच्या मुखाचा परीघ निदान त्याच्या लाटेएवढा हवा, असा ठोकताळा आहे. या कर्ण्याचें मुख अडीच फूट व्यासाचें, म्हणजे परीघ जवळजवळ आठ फूट ! हातांतून नेण्याच्या पेटींत तो षड्ज अगदीं क्षीण होतो. वरच्या अंशस्वरांवरून आपला कानच तो भरून काढतो. कर्णा कोणत्या प्रमाणानें रुंदावत जावा, याचें गणित अमेरिकेंत मॅक्सफील्ड व हॅरिसन यांनीं टेलिफोनच्या शास्त्रावरून बसविलें आणि १९२५ मध्यें तशीं यंत्रें बाजारांत आलीं. इंग्लंडांत पर्सी विल्सन यांनीं त्याचा पाठपुरावा केला. अरबस्तानांतील मोहिमेमुळें गाजलेल्या लॉरेन्सच्या झोंपडीवजा घरांतहि जिन यांचेंच यंत्र होतें.

दुसरी खूण सुईची. ती पोलादी नसून बांबूची, तिकोनी कापलेली असे. एक बाजू वाजली कीं कातरीनें टोंक छाटून पुन्हां लावावयाची. लाखेच्या तबकडींत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती सुईला घांसून रेघेच्या आकाराची करते. बांबू स्वतः झिजतो आणि रेघ राखतो. पोलादी सुईचें टोंक मात्र झिजून धारदार होतें. एका बाजूस एकच सुई, हा नियम त्यासाठींच होता. आपल्या घराघरांतून काटकसरीनें तो मोडला. गौहरजान यांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास गाइलेलें गाणें तबकडीवांचून अन्यत्र कोठेंच नव्हतें. अशा किती तबकड्यांवरील स्वर दोन पैशांच्या सुईपायीं खरवडले गेले असतील ! बांबूंतहि दोष आहे. आवाज चढला कीं टोंक दबतें, आणि शेवटच्या इंचांत गाणें मंदावल्यासारखें वाटतें. मला तो दोष पत्करतो.

पुढें विजेचीं यंत्रें स्वस्त झालीं, १९४८ मध्यें अमेरिकेंत लांब चालणारी तबकडी निघाली, आणि एवढा कर्णा दिवाणखान्यांत ठेवण्यास घरची मंडळी राजी होईनात. उरलेलीं यंत्रें आज बहुधा संग्राहकांपाशीं आहेत. चावी दिली कीं तीं अजून गातात; वीज लागत नाहीं.