सुट्टी आणि हरताळ

कॅलेंडरात २ ऑक्टोबरचा आकडा लाल असतो. महात्मा गांधींची जयंती आणि त्याच दिवशी लालबहादूर शास्त्रींचीही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट यांच्या जोडीने ही आपली तिसरी राष्ट्रीय सुट्टी. ३० जानेवारीचा आकडा मात्र, रविवार नसेल तर, काळाच राहतो. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आम्हा सोलापूरकरांचा आणखी एक दिवस आहे, १२ जानेवारी, चार हुतात्म्यांचा. गड्ड्याच्या यात्रेची लगबग चालू असताना तो येतो. चौकातल्या पुतळ्यांना हार पडतात आणि गाव आपल्या उद्योगाला लागते. मनात येते, मोठ्या माणसांच्या नावाने काम थांबवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

गांधीजींना विचारले असते तर त्यांनी चरखा पुढे केला असता. आपली जयंती पाळायचीच असेल तर सूत कातून पाळा, असा त्यांचा आग्रह. भाद्रपद वद्य द्वादशी ही त्यांची जन्मतिथी गुजरातेत ‘रेंटिया बारस’ म्हणून ओळखली जाते. रेंटिया म्हणजे चरखा. त्यांच्या जन्मदिवशी हात रिकामे ठेवायचे, ही कल्पना त्यांची नव्हे, आपली.

पण याच गांधीजींनी एकदा साऱ्या देशाला काम थांबवायला सांगितले होते. ६ एप्रिल १९१९ या दिवशी, रौलेट कायद्याविरुद्ध. उपवास करा, प्रार्थना करा, दुकाने बंद ठेवा. तो हरताळ होता. सुट्टी सरकार देते. हरताळ माणूस स्वतः पाळतो आणि त्याची किंमत दुकानदाराच्या गल्ल्यातून नि मजुराच्या रोजातून जाते.

ती किंमत सोलापूरने मोजली आहे. दांडीला मीठ उचलले गेले त्या ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण फडकवले. महिन्याने, ५ मे रोजी, गांधीजींना अटक करून येरवड्याला नेल्याची बातमी आली. गाव बंद झाले, गिरण्यांतले कामगार बाहेर पडले. ८ मे रोजी गोळीबार झाला. हातात निशाण घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतले पोलीस ठाणे आणि कोर्ट जाळले. पोलीस मारले गेले. गांधीजींसाठी उठलेल्या गावाला त्या दिवशी गांधीजींची शिकवण पेलली नाही, हेही आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. पुढचे तीन-चार दिवस सरकारची सत्ता गावात उरली नव्हती. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला, तो ३० जूनपर्यंत राहिला. डोक्यावर गांधी टोपी घालणे हासुद्धा त्या काळात गुन्हा ठरला.

पोलिसांच्या मृत्यूबद्दल चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. यांतले धनशेट्टी त्या दिवशी जमावाला आवरत होते, असे सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. ज्यांच्या अटकेवरून हे सारे सुरू झाले ते गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. त्यांची सुटका २६ जानेवारीला झाली. चौघांना आणखी दोन आठवडे मिळाले नाहीत.

या दिवसाच्या कार्यक्रमांना मलाही बोलावतात. संयोजक आधीच आदराने सांगतात, ‘‘सर, तुम्ही कुर्बान हुसेन यांच्यावर बोला.’’ धनशेट्टींवर बोलायला लिंगायत वक्ता, सारडांवर मारवाडी समाजातले कुणी आणि शिंद्यांवर मराठा गृहस्थ. हेतू चांगलाच असतो. सगळ्यांना मान मिळावा, एवढाच. कुर्बान हुसेन मलाही जवळचे आहेत. ते ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत वावरत. लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठा पूर्वज कोणता हवा? पण म्हणून मल्लप्पा माझे कोणीच नव्हेत काय? खटला एकच चालला, पहाट एकच उगवली. ब्रिटिश सरकारने ज्यांना वेगळे केले नाही त्यांची वाटणी आपण हार घालताना का करावी? गेली काही वर्षे मी चौघांवर बोलतो. वेळ कमी दिली तर चारही नावे घेतो आणि खाली बसतो.

आता त्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. आज सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईचा हिशेब हजारावर असतो, यंत्रमागावरच्या कामगाराचा विणलेल्या मालावर. काम बंद राहिले की बहुधा त्या दिवसाची मजुरीही बंद. राष्ट्रीय सुट्टीची किंमत आजही कुणीतरी मोजतच असतो, फक्त त्याला कुणी विचारलेले नसते. १९३० साली ती किंमत कामगारांनी आपण होऊन मोजली होती, एवढाच फरक.

म्हणून वाटते, येत्या २ ऑक्टोबरला मुलांना घेऊन चार हुतात्मा चौकात जावे. घोषणा नकोत, भाषणही नको. चारही नावे मोठ्याने वाचावीत. मुलाने विचारले, ‘‘यांतले आपले कोण?’’ तर चौघांकडेही बोट दाखवावे.