अपूर्णांकाचे दशांश रूप

अंश आणि छेद यांच्या जोडीने लिहिलेला अपूर्णांक दशांश चिन्ह वापरून लिहिला, की त्याला त्याचे दशांश रूप म्हणतात. ३/८ म्हणजे ०.३७५, ७/४० म्हणजे ०.१७५. रीत एकच आहे: अंशाला छेदाने भागायचे आणि अंशातले आकडे संपले की बाकीवर शून्य घेत भागाकार पुढे चालवायचा. पुढे दोनच गोष्टी घडू शकतात. कधीतरी बाकी शून्य येते आणि भागाकार थांबतो. अशा रूपाला खंडित म्हणतात. नाहीतर अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. ते रूप अखंड आवर्ती. पाठ्यपुस्तकांत अशा गटाच्या डोक्यावर आडवी रेघ काढतात.

तिसरी शक्यता का नाही, हे १/७ हाताने सोडवताना दिसते. मात्र नजर भागाकाराऐवजी बाकीवर ठेवावी लागते. दहात सात एकदा, बाकी ३. तिसात सात चोक अठ्ठावीस, बाकी २. विसात सात दुणे चौदा, बाकी ६. साठात सात आठे छप्पन्न, बाकी ४. चाळिसात सात पाचे पस्तीस, बाकी ५. पन्नासात सात साते एकोणपन्नास, बाकी १. सुरुवात १ पासूनच झाली होती, म्हणजे येथून पुढे सगळे तसेच्या तसे पुन्हा घडणार: ०.१४२८५७१४२८५७... सातने भागल्यावर शून्याखेरीज सहाच बाक्या उरू शकतात. त्यामुळे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत एखादी बाकी परत येणे भागच आहे. छेद कितीही मोठा असला तरी युक्तिवाद हाच राहतो. शाळेत हे प्रकरण बहुतेकदा भागाकाराचा सराव म्हणून उरकले जाते. वास्तविक भागाकार न संपताही तो पुढे कसा जाणार हे पक्के सांगता येते, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

भागाकार न करताही रूप खंडित की आवर्ती हे ओळखता येते. अपूर्णांकाला आधी अतिसंक्षिप्त रूप द्यावे आणि मग छेदाचे मूळ अवयव पाडावेत. अवयवांत फक्त २ आणि ५ असतील तर रूप खंडित. दुसरा एकही अवयव असला तर आवर्ती. कारण दशांश रूप खंडित होणे याचा अर्थ छेद १०, १००, १००० अशा संख्येपर्यंत नेता येणे, आणि या संख्यांचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच. ३/८ च्या अंशाला व छेदाला १२५ ने गुणले की ३७५/१००० मिळतात. दशांश चिन्हानंतर किती स्थळे येतील तेही यातूनच कळते: १/१६ च्या छेदात २ चार वेळा आहे, म्हणून चार स्थळे, ०.०६२५. संक्षेप करायला विसरले की घोटाळा होतो. २१/२८ च्या छेदात ७ दिसतो, पण तो अपूर्णांक ३/४ आहे, म्हणजे सरळ ०.७५. छेदात २ किंवा ५ सोबत दुसराही अवयव असला तर सुरुवातीचे काही अंक एकदाच येतात आणि मग आवर्तन सुरू होते, जसे ५/१२ = ०.४१६६६...

उलट वाटही सोपी आहे. ०.२७२७... या संख्येची शंभरपट २७.२७२७... होते. तीतून मूळ संख्या वजा केली की शेपूट कापले जाते आणि मूळ संख्येची ९९ पट म्हणजे २७ एवढे उरते. म्हणून ती संख्या २७/९९, म्हणजे ३/११.

महाराष्ट्रात जुन्या पिढ्यांनी तोंडपाठ केलेले अपूर्णांकांचे पाढे या नियमाच्या उजेडात पाहण्यासारखे आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी: यांतल्या प्रत्येकाचा छेद २ किंवा ४ आहे आणि औट म्हणजे साडेतीनपर्यंत एकही संख्या आवर्ती नाही. जुने चलनही असेच निमपटीच्या हिशेबावर उभे होते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. आणा म्हणजे ०.०६२५ रुपया आणि पैसा ०.०१५६२५ रुपया. लांबलचक, पण संपणारे आकडे. पैशाच्या मात्र तीन पै होत, आणि त्या तीनाने सगळे बदलते. १/१९२ रुपया म्हणजे ०.००५२०८३३३..., न संपणारी संख्या.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हा भागाकार गल्लोगल्ली पोहोचला. चार आण्यांचे २५ नवे पैसे बरोबर बसत, पण एका आण्याचे सव्वासहा होत. सरकारी कोष्टकाने एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे ठरवले. त्यामुळे एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ नवे पैसे पडत आणि एकदम घेतल्या तर २५. आसन्न किंमत घेताना कोणाच्या तरी पदरचे थोडेसे जाते किंवा पदरात पडते, ते येथे उघड दिसले.

सराफाच्या पेढीवर हाच प्रश्न आजही भेटतो. २२ कॅरेट सोने म्हणजे २४ भागांत २२ भाग शुद्ध सोने; २२/२४ = ०.९१६६६... हजारी प्रमाणात जवळची पूर्ण संख्या ९१७ आहे, पण हॉलमार्कवर ९१६ छापतात. १८ कॅरेटचे ७५० अचूक बसतात. १४ कॅरेटचे गणित ५८३.३३... येते, तर प्रमाण ठरले आहे ५८५.

प्रत्येक टिंब मात्र दशांश चिन्ह नसते. जमिनीच्या व्यवहारात १.०५ एकर असे लिहिलेले असले तर अनेकदा त्याचा अर्थ १ एकर ५ गुंठे असतो. एकराचे गुंठे ४०, म्हणजे खरे दशांश रूप १.१२५ एकर. क्रिकेटच्या धावफलकावरील १८.४ षटके म्हणजे १८ षटके आणि ४ चेंडू, अर्थात १८.६६६... षटके. १५० धावांना १८.४ ने भागले तर धावगती ८.१५ येते, खरी धावगती ८.०४ आहे. जमीन घेणाऱ्याने तर आकडा दशांशातला आहे की एकर-गुंठ्यांतला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये.

दशांश अपूर्णांकांचा एक जुना वापर दमास्कस येथे दहाव्या शतकात अल-उक्लिदिसी याच्या ग्रंथात आढळतो. समरकंदच्या अल-काशीने १४२७ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात त्यांची पद्धतशीर मांडणी केली. युरोपात त्यांचा प्रसार झाला तो सिमॉन स्टेव्हिनच्या १५८५ सालच्या डच पुस्तिकेमुळे. भूमापक, व्यापारी आणि टांकसाळीतले अधिकारी यांच्यासाठी ती लिहिलेली होती. नाणी आणि मापेही दशमान असावीत, असे त्याने तेव्हाच सुचवले होते.

खंडित असणे हा अपूर्णांकाचा अंगभूत गुण नाही. तो संख्या ज्या पायात लिहितो त्या पायावर अवलंबून असतो; आपला पाया १०. संगणक पाया २ वापरतो, आणि त्याच्या लेखी फक्त २ हाच अवयव चालतो. म्हणून आपला साधा १/१० तेथे आवर्ती होतो आणि कुठेतरी तोडावा लागतो. अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत असे. सौदी अरेबियातील धाहरान येथे ही यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिल्यावर तोडलेल्या आकड्यांची चूक साचून ०.३४ सेकंदांची झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी स्कड अडवले गेले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले.

आवर्तनाची लांबी हा संख्या सिद्धांतातला स्वतंत्र विषय आहे. छेद २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या असेल, तर आवर्तनातील अंकांची संख्या त्या छेदातून एक वजा केलेल्या संख्येला निःशेष भागते. १/१३ = ०.०७६९२३... यात सहा अंक आहेत आणि सहाने बारांना भाग जातो. या गटाचे दोन अर्ध मिळवले तर ०७६ + ९२३ = ९९९; १४२ + ८५७ चेही तेच होते. फ्रान्समधील मिदी याने १८३६ मध्ये दोन अर्धांच्या बेरजेचा हा नियम मांडला. त्याआधी गाउसने १८०१ च्या आपल्या ग्रंथाला शंभरपर्यंतच्या छेदांच्या दशांश रूपांचे कोष्टक जोडले होते.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीही आवर्ती दशांशांवर लेखन केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्यांत १४२८५७ ही एक आहे: तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

१/७ प्रमाणे आवर्तन शक्य तितके लांब होईल अशा मूळ संख्या शंभरच्या आत नऊ आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. अशा संख्या अनंत असाव्यात, असा निष्कर्ष एमिल आर्टिनच्या १९२७ च्या अटकळीतून निघतो. त्याची सिद्धता अजून कोणालाही देता आलेली नाही.