अटिका तुरुंगाची विक्री : न्यूयॉर्कच्या कारागृहांचा पैसा आला कुठून?

१/
१९९१ साली न्यूयॉर्क राज्याने आपला अटिका येथील तुरुंग २० कोटी डॉलरना विकला. खरेदीदार संस्था राज्याचीच होती. इमारत तीच, कैदी तेच आणि पहारेकरीही तेच राहिले. फरक एवढाच, की यापुढे राज्य आपल्याच तुरुंगाचे भाडे भरणार होते. हा व्यवहार वरवर विनोदी वाटतो. त्यामागे मात्र दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
आरंभ करू या सिंग सिंगपासून. नव्या तुरुंगासाठी राज्याने हडसन नदीकाठी १३० एकर जागा घेतली आणि तिच्यासाठी २०,१०० डॉलर मंजूर केले. १८२५ साली एलाम लिंड्स हा तुरुंगाधिकारी ऑबर्नच्या तुरुंगातून १०० कैदी घेऊन तेथे आला. जवळच्या खाणीतला संगमरवर फोडून या कैद्यांनी स्वतःचा तुरुंग स्वतःच उभारला. कोठडीची रुंदी होती जेमतेम ३ फूट ३ इंच. बांधकामाच्या खर्चाचा प्रश्न राज्याने असा सोडवला : मजूर फुकट, दगड जागेवरचा.

३/
हे कैदी ज्या जलमार्गाने आले, त्यात ईरी कालवाही होता. हा कालवा राज्याने कर्ज काढून बांधला आणि तो कमालीचा यशस्वी ठरला. त्या यशाने हुरळून राज्याने आणखी कालव्यांसाठी आणखी कर्जे काढली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्या कर्जांचा भार असह्य झाला आणि १८४२ मध्ये कालव्यांची कामे थांबवून कर वाढवावे लागले.

४/
या धड्यातून १८४६ च्या राज्यघटनेत एक तरतूद आली. राज्याला मोठे दीर्घ मुदतीचे कर्ज काढायचे असेल, तर ते कोणत्या कामासाठी हे स्पष्ट सांगून मतदारांची संमती घ्यावी लागेल. कर्ज फेडणार जनता, म्हणून होकार-नकाराचा अधिकारही जनतेचा. हे कलम लक्षात ठेवा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

५/
आता विसाव्या शतकात येऊ. अटिका तुरुंग १९३१ मध्ये सुरू झाला. १९७१ पर्यंत तेथे क्षमतेपेक्षा बरेच जास्त, सुमारे २,२०० कैदी कोंबलेले होते. आठवड्याला एकदा अंघोळ, महिन्याला शौचाच्या कागदाची एक गुंडाळी. ९ सप्टेंबरला कैद्यांनी उठाव करून पहारेकऱ्यांना ओलीस धरले. १३ सप्टेंबरला गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या आदेशाने पोलिसांनी तुरुंगावर गोळीबार करत ताबा मिळवला. या प्रकरणात एकूण ४३ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक बळी, त्यांत १० ओलीसही, त्या गोळीबाराचे होते.

६/
अटिकानंतर सुधारणांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु १९७३ मध्ये याच रॉकफेलर यांनी अमली पदार्थविरोधी कठोर कायदे आणले. हेरॉईनसारख्या पदार्थाची २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, विक्री केली तरी किमान १५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा. १९७० च्या दशकाच्या आरंभी राज्यात साडेबारा हजारांच्या आसपास कैदी होते. दशकभरात ही संख्या दुपटीच्या पुढे गेली. कायदा करताना कोठड्यांचा हिशेब मात्र मांडला गेला नव्हता.

७/
१९८१ मध्ये राज्याने तुरुंग बांधण्यासाठी ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव घटनेनुसार मतदारांपुढे ठेवला. मतदारांनी तो फेटाळला. कठोर शिक्षांना पाठिंबा देणाऱ्या समाजाने त्या शिक्षांचे बिल भरायला नकार दिला, असाही याचा एक अर्थ काढता येतो. काहींना अधिक तुरुंगच नको होते, तर काहींना अधिक कर्ज. नकाराची कारणे वेगवेगळी असली, तरी उत्तर एकच होते.

८/
१ जानेवारी १९८३ रोजी मारिओ कुओमो गव्हर्नर झाले. ते उदारमतवादी होते आणि फाशीच्या शिक्षेचे कट्टर विरोधक होते. सत्तेवर येऊन आठवडा झाला असेल-नसेल, तोच सिंग सिंगमध्ये कैद्यांनी पहारेकऱ्यांना ओलीस धरले. दोन दिवसांहून अधिक काळ चाललेले हे प्रकरण वाटाघाटींनी, एकही जीव न जाता मिटले. पण दुसरे अटिका किती जवळ आहे, हे नव्या गव्हर्नरला कळून चुकले. कायदे बदलण्यास विधिमंडळ तयार नव्हते, न्यायालये शिक्षा सुनावतच होती आणि कोठड्यांसाठी पैसा नव्हता.

९/
येथे प्रवेश होतो अर्बन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचा. ९ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यसंस्काराच्याच दिवशी, त्याच्या स्थापनेचा कायदा संमत झाला. हेतू होता शहरांतील गरिबांसाठी घरे बांधण्याचा. महामंडळाने हजारो घरे बांधलीही. मात्र १९७५ मध्ये त्याला १० कोटी डॉलरहून अधिक देणी वेळेवर फेडता आली नाहीत आणि घरबांधणीचे ते पर्व जवळजवळ संपले.

१०/
या महामंडळाचे एक वैशिष्ट्य होते. त्याने काढलेले कर्ज कायद्याच्या भाषेत राज्याचे कर्ज नव्हते, म्हणून त्याला मतदारांची संमती लागत नसे. व्यवस्था अशी ठरली : महामंडळ कर्जरोखे विकणार, त्या पैशातून तुरुंग बांधणार आणि तो राज्याला भाड्याने देणार. राज्य दरवर्षी अर्थसंकल्पातून भाडे भरणार आणि त्याच भाड्यातून रोख्यांचे मुद्दल व व्याज फिटणार. करदात्याच्या खिशातून पैसा जाणारच होता. फक्त त्याला ‘कर्ज’ऐवजी ‘भाडे’ म्हटले गेले. राज्याची थेट हमी नसल्याने अशा रोख्यांवर व्याजही सामान्यतः जास्त द्यावे लागते.

११/
गरिबांच्या घरांसाठी निर्माण केलेले महामंडळ अशा रीतीने तुरुंग बांधू लागले. कुओमो यांच्या तीन कार्यकाळांत राज्याच्या तुरुंगव्यवस्थेत सुमारे ३० हजार जागांची भर पडली. १९९९ च्या अखेरीस कैद्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर पोहोचली होती. १९९१ मध्ये अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी अटिकाची ‘विक्री’ झाली, तीही याच महामंडळाला. साठ वर्षे जुनी इमारत गहाण टाकून रोजचा खर्च भागवावा, तसा तो प्रकार होता.

१२/
नवे तुरुंग बहुतांशी उत्तरेकडील ग्रामीण भागात उभे राहिले. शेती आणि कारखाने ओसरत चाललेल्या गावांना तेथील कायम नोकऱ्या हव्या होत्या. कॅनडाच्या सीमेलगतच्या मलोन या छोट्या गावाच्या परिसरात १९८६ ते १९९९ या काळात राज्याचे तीन तुरुंग आले. बहुसंख्य कैदी मात्र न्यूयॉर्क शहरातले. भेटीला येणाऱ्या आईला किंवा पत्नीला पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. जनगणनेत हे कैदी तुरुंगाच्या गावचे रहिवासी म्हणून मोजले जात, त्यामुळे मतदारसंघ आखताना त्या भागाचे वजन वाढे. मतदानाचा अधिकार त्यांना नव्हताच. मतदारसंघांपुरती ही पद्धत राज्याने २०१० च्या कायद्याने बदलली.

१३/
२००४ आणि २००९ मध्ये रॉकफेलर कायदे सौम्य करण्यात आले. कैद्यांची संख्या घटत गेली आणि २०२० च्या दशकात ती ३५ हजारांच्या खाली आली. २०११ पासून राज्याने वीसहून अधिक तुरुंग बंद केले. त्यांतले बरेचसे बंद केले गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी, म्हणजे मारिओ कुओमो यांच्याच पुत्राने. ज्या गावांनी तुरुंगाच्या पगारावर संसार उभे केले होते, त्यांच्यापुढे पुन्हा पोटाचा प्रश्न उभा राहिला. अटिका तेवढा अजून चालू आहे.

१४/
मारिओ कुओमो यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. गर्दीने फुटू पाहणाऱ्या तुरुंगात माणसे मरू देणे हा पर्याय त्यांच्यापुढे नव्हता. तरीही १९८१ च्या नकाराने एक मूलभूत प्रश्न उभा केला होता : इतक्या माणसांना इतकी वर्षे कोंडून ठेवण्याची किंमत आपण मोजायला तयार आहोत का? भाड्याच्या व्यवस्थेमुळे कोठड्या मिळाल्या आणि तो प्रश्न मात्र मतपेटीतून उठून हिशेबाच्या वहीत गेला, जिथे तो फारसे कोणी वाचत नाही.

१५/
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने कायद्यांबरोबर कर्जरोखेही वाचावेत. एखाद्या राज्याने काय जाहीर केले, हे भाषणांत सापडते. त्याने खरोखर काय निवडले आणि त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले, हे जमाखर्चात सापडते.